मदत आहे, पण ती सापडायला आधी काय यायला हवं?

आधी एक छोटा प्रयोग करा. आर उघडा, मीन(२, ४, ९) असं लिहा आणि एंटर दाबा. (फंक्शनची नावं मी या लेखात देवनागरीत लिहितेय. टाइप करताना अर्थातच इंग्रजी स्पेलिंग वापरायचं.) उत्तर काय आलं?

२ आलं असेल. २, ४ आणि ९ यांची सरासरी ५ असते हे तुम्हाला शाळेपासून माहीत आहे. आता मॅक्स(२, ४, ९) लिहून बघा. ९ येईल, बरोबर. सम(२, ४, ९) लिहा. १५ येईल, तेही बरोबर. एकटं मीन चुकतं आणि चुकताना काही बोलत नाही. लाल अक्षरं नाहीत, एरर नाही, वॉर्निंग नाही. शांतपणे २ सांगून मोकळं होतं.

आरच्या दृष्टीने यात चूक नाहीच. मीनला सगळा डेटा पहिल्या जागेवर एकत्र हवा असतो. आपण तिथे फक्त २ दिला. पुढचा ४ 'दोन्ही टोकांकडून किती छाटायचं' या सूचनेच्या जागी जाऊन बसला आणि ९ त्याच्या पुढच्या सूचनेच्या जागी. एकाच संख्येला कितीही छाटा, सरासरी तीच राहणार. सम आणि मॅक्स मात्र कितीही संख्या सुट्या सुट्या घेतात. म्हणजे एकाच भाषेतल्या तीन साध्या फंक्शनचे दोन वेगळे नियम. आणि हा फरक आरच्या मदतीच्या पानावर लिहिलेला आहे. खरंच आहे. फक्त तो वाचायला आर आधीच आलेलं असावं लागतं.

आजचा लेख याच गोष्टीबद्दल आहे. संशोधनाकडे वळणाऱ्या आपल्यातल्या बऱ्याच जणांना पहिल्या वर्षातच आर किंवा पायथन शिकावं लागतं, आणि ते कोणी रीतसर शिकवत नाही. "मदत भरपूर आहे, शिकून घ्या" असं सांगितलं जातं. ही मदत नेमकी कशी आहे, ती कुणासाठी लिहिलेली आहे आणि कुठे दगा देते, ते आज तपासू. भाषा आर घेते, कारण माझी फजिती तिच्यात झाली.

आधी फजिती

पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे बोरीच्या १२० रोपांच्या उंचीचा डेटा होता. मोजमाप सेंटीमीटरमध्ये, पूर्णांकात. एक रोप शेळीने खाल्लं होतं. त्याच्या उंचीच्या चौकोनात मी 'नाही' असं टाइप केलं. रिकामं सोडण्यापेक्षा हे प्रामाणिक, असं तेव्हा वाटलं होतं.

फाईल आरमध्ये घेतली आणि उंचीच्या कॉलमची सरासरी मागितली. उत्तर आलं एनए, सोबत वॉर्निंग: दिलेली गोष्ट संख्या नाही. मला काही कळेना. माझ्या डोळ्यांना कॉलममध्ये संख्याच दिसत होत्या. मी लॅबमधल्या दादाला विचारलं, "दादा, हे म्हणतंय की संख्या नाही. मग संख्या करायची कशी?" तो स्वतःच्या कामात होता. मान वर न करता म्हणाला, "अॅज डॉट न्यूमेरिक लाव." लावलं. वॉर्निंग गेली आणि सरासरी आली, २० च्या आसपास. बोरीच्या रोपांना २० सेंटीमीटर शोभतंही. मी आलेख काढले, पोस्टर तयार केलं आणि गाईड मॅडमना दाखवायला गेले.

मॅडमनी आयुष्यात कोडची एक ओळ लिहिलेली नाही. पोस्टर बघून त्या म्हणाल्या, "अगं, त्या कोपऱ्यातल्या प्लॉटमध्ये ६२ सेंटीमीटरचं रोप होतं ना? आपण दोघींनी मोजलं होतं. इथे जास्तीत जास्त ४१ कसं?"

तेव्हा मी पहिल्यांदा फाईल आणि कॉलम शेजारी शेजारी ठेवून बघितले. झालं होतं ते असं. 'नाही' या एका शब्दामुळे आरने अख्खा कॉलम मजकूर म्हणून घेतला. त्या काळच्या आरमध्ये मजकुराच्या कॉलमचा आपोआप 'फॅक्टर' व्हायचा, म्हणजे गटांची यादी. फॅक्टरमध्ये प्रत्येक वेगळ्या नोंदीला एक क्रमांक मिळतो आणि हे क्रमांक शब्दकोशातल्या क्रमाने लागतात. अॅज डॉट न्यूमेरिकने मला उंची दिलीच नाही. तिने हे क्रमांक दिले.

छोट्या उदाहरणावर बघा. समजा उंची ६, १०, २५, ६२ आणि 'नाही' अशा आहेत. शब्दकोशाच्या क्रमाने लावल्या तर १०, २५, ६, ६२, 'नाही'. म्हणून १० ला १ मिळतो, २५ ला २, ६ ला ३, ६२ ला ४ आणि 'नाही'ला ५. म्हणजे सहा सेंटीमीटरचं रोप पंचवीसच्या रोपापेक्षा उंच ठरतं. माझ्या डेटात ४० वेगवेगळ्या उंची होत्या आणि एक 'नाही'. माझ्या पोस्टरवरचं सगळ्यात उंच रोप, ४१ सेंटीमीटरचं, हे शेळीने खाल्लेलं रोप होतं.

आज हसू येतं. त्या रात्री आलं नव्हतं. मॅडमना तो प्लॉट आठवला नसता तर ते पोस्टर परिषदेत लागलं असतं, आणि त्याखाली माझ्यासोबत त्यांचंही नाव असतं.

मदतीचं पान: खरं, पण कुणासाठी?

आता मुद्दा बघा. फॅक्टरला थेट अॅज डॉट न्यूमेरिक लावणं निरर्थक आहे, ही सूचना आरच्या मदतीत स्पष्ट दिलेली आहे. योग्य रीतही दिली आहे. पण ती आहे फॅक्टर या फंक्शनच्या पानावर, खाली, 'वॉर्निंग' या मथळ्याखाली. मी ते पान का उघडेन? फॅक्टर हा शब्दच मी ऐकलेला नव्हता. माझी अडचण 'संख्या होत नाहीये' ही होती. मदत घरात होती, पण ज्या कपाटात होती त्याचं नावच मला माहीत नव्हतं.

आरच्या मदतीवरची माझी मुख्य टीका हीच आहे. ही मदत फंक्शनच्या नावाने लावलेली आहे, अडचणीच्या नावाने नाही. प्रश्नचिन्ह टाइप करून पुढे फंक्शनचं नाव लिहिलं की पान उघडतं. नाव माहीत नसेल तर दोन प्रश्नचिन्हं देऊन शब्दाने शोधता येतं, पण तो शब्दही पान लिहिणाऱ्याच्या भाषेतला असावा लागतो. नवशिक्याकडे नेमका तोच शब्द नसतो.

दुसरी टीका पानाच्या क्रमावर आहे. मीनचं पान उघडा. पहिल्याच वाक्यात कळतं की हे 'छाटलेल्या' अंकगणिती सरासरीचं जेनेरिक फंक्शन आहे. जेनेरिक म्हणजे काय, सरासरी कोणी का छाटेल, यातलं काहीच आपल्याला माहीत नसतं. मग 'युसेज', त्यात तीन टिंबं आणि डीफॉल्ट मेथडचा उल्लेख. मग 'आर्ग्युमेंट्स'. एनए असलेल्या डेटाचं काय करायचं ते इथे मिळतं: एनए डॉट आरएम ला ट्रू करा. शंभरातल्या नव्वद नवशिक्यांना मीनच्या पानावरून हेच हवं असतं, असा माझा आपला अंदाज आहे. पण ते यादीत दडलेलं आहे, छाटणीच्या नंतर.

हे असं का, हे समजून घेतलं तर राग थोडा कमी होतो. आरचं मूळ एस या भाषेत आहे. ती १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संख्याशास्त्राच्या कामासाठी तयार केली. पुढे १९९० च्या दशकात न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी आर लिहिली. २९ फेब्रुवारी २००० रोजी तिची १.० आवृत्ती आली. हे सगळे संख्याशास्त्रज्ञ होते. त्यांच्यासाठी मजकुराचा कॉलम म्हणजे बहुतेक वेळा गट: नर-मादी, खत दिलं-नाही दिलं. म्हणून फॅक्टर. छाटलेली सरासरीही त्यांच्या रोजच्या वापरातली. मदतीची पानं त्यांनी आपल्यासारख्याच लोकांसाठी लिहिली: ज्याला फंक्शन माहीत आहे, फक्त तिसऱ्या जागेवर काय येतं ते विसरलंय. त्या कामासाठी ही पानं उत्तम आहेत, आजही. शब्दकोश आपल्या जागी उत्तमच असतो. पण शब्दकोश हातात देऊन 'आता भाषा शिक' म्हणणं, ही चूक शब्दकोशाची नसते.

आणि या पानाचा एक भाग खरंच चांगला आहे, तो म्हणजे सगळ्यात खालचा, 'एक्झाम्पल्स'. मीनच्या पानावरचं उदाहरण बघा. शून्य ते दहा या संख्या आणि त्यांच्या शेवटी ५०. साधी सरासरी येते ८.७५. मग दोन्ही टोकांकडून दहा टक्के छाटून पुन्हा सरासरी: ५.५. एका ५० ने सरासरी किती वर खेचली आणि टोकं छाटल्यावर ती कुठे आली, हे चार ओळींत दिसतं. वरच्या वाक्याने जे सांगितलं नाही ते हे उदाहरण शिकवतं. शिवाय त्यात सगळ्या संख्या आधी एका नावाखाली एकत्र केल्या आहेत आणि मगच मीनला दिल्या आहेत. म्हणजे सुरुवातीच्या आपल्या कोड्याचं उत्तरही तिथेच आहे.

म्हणून माझा सल्ला असा की आरचं मदतीचं पान खालून वर वाचा. आधी उदाहरणं स्वतः चालवा. एक्झाम्पल(मीन) लिहिलं की ती आपोआप चालतात. मग उदाहरणातली एक संख्या बदला आणि काय होतं ते बघा. त्यानंतर आर्ग्युमेंट्स. पहिलं वाक्य शेवटी वाचा, तोवर ते कळायला लागतं.

एरर: जी बोलते, पण आपल्याशी नाही

मदतीचा दुसरा प्रकार म्हणजे स्वतः एरर मेसेज. इथली एक प्रसिद्ध मासलेवाईक एरर घ्या. आर सांगते की 'क्लोजर प्रकारच्या वस्तूतून तुकडा काढता येत नाही'. हे कधी येतं? आपण आपल्या टेबलला डीएफ असं नाव देतो, कारण पुस्तकात तसंच असतं. एखाद्या दिवशी फाईल आत घ्यायची ओळ चालवायला विसरतो आणि थेट डीएफचा पहिला कॉलम मागतो. आता 'डीएफ सापडत नाही' असं आरने म्हटलं असतं तर क्षणात उलगडा झाला असता. पण आरमध्ये डीएफ नावाचं एक फंक्शन आधीपासून आहे, एफ वितरणाचं. आरला ते सापडतं. फंक्शनला ती आतल्या भाषेत क्लोजर म्हणते आणि फंक्शनचे तुकडे होत नाहीत. म्हणून ही एरर. तांत्रिकदृष्ट्या एकेक शब्द खरा. विद्यार्थ्याच्या दृष्टीने मात्र चूक एकीकडे आणि निरोप भलतीकडे.

सांख्यिकीच्या प्राध्यापक म्हणून काम केलेल्या आणि नंतर आरसाठी साधनं लिहिणाऱ्या जेनी ब्रायन यांनी २०२० मध्ये एका परिषदेत भाषण दिलं, त्याचं शीर्षकच ही एरर होती. विषय होता अडकल्यावर काय करायचं. इतक्या अनुभवी व्यक्तीला अडकण्यावर अख्खं भाषण द्यावंसं वाटतं, हे मला फार धीर देऊन गेलं. अडकणं हा नवशिकेपणाचा रोग नाही. ते रोजचं काम आहे. अनुभवी माणसाकडे त्यातून सुटायची सवय असते, एवढाच फरक.

एरर मेसेज असेच असणार, असं मात्र समजू नका. पायथनची ३.१० आवृत्ती ऑक्टोबर २०२१ मध्ये आली. त्याआधी कंस बंद करायला विसरलात तर पायथन बहुतेक वेळा पुढच्या, निर्दोष ओळीकडे बोट दाखवायची. आपण त्या ओळीत चूक शोधत बसायचो. ३.१० पासून ती सरळ सांगते की अमुक ठिकाणी उघडलेला कंस बंदच झालेला नाही. आपली अक्कल वाढली नाही, मेसेज सुधारला. त्याआधी त्या एररपाशी जे रडले ते मंद नव्हते, हे यातून सिद्ध होतं.

आरनेही एक मोठी दुरुस्ती केली. एप्रिल २०२० मधल्या ४.० आवृत्तीपासून मजकुराच्या कॉलमचा आपोआप फॅक्टर होणं बंद झालं. आज माझी तीच फाईल घेतली तर कॉलम साधा मजकूर म्हणून येईल. अॅज डॉट न्यूमेरिक लावल्यावर ६२ चे ६२ च राहतील, 'नाही'चं एनए होईल आणि तसं झाल्याची वॉर्निंगही मिळेल. मदतीचं पान कितीही चांगलं लिहिलं असतं तरी माझ्यासारखे लोक खड्ड्यात पडतच राहिले असते. खड्डा बुजवला, मग पडणं थांबलं. मीन(२, ४, ९) चा खड्डा मात्र अजून उघडाच आहे. सांभाळा.

दादा-ताईंची मदत

तिसरी मदत माणसांची. यातले दोन प्रकार तुम्ही ओळखाल.

एक 'दे इकडे' दादा. तो कीबोर्ड ओढून घेतो, दोन मिनिटं टकाटक टाइप करतो, "झालं बघ" म्हणतो आणि जातो. काम झालेलं असतं. आपल्याला काय झालं ते कळलेलं नसतं आणि पुढच्या वेळी विचारायची लाज वाटते, कारण 'मागच्या वेळी दाखवलं होतं ना'. दुसरी 'आधी वाचून ये' ताई. तिचं चुकत नाही, पण काय वाचू हे ती सांगत नाही.

माझ्या दादाला मी दोष देत नाही. मी विचारलं, संख्या कशी करायची? त्याने त्याचं अचूक उत्तर दिलं. चुकला तो प्रश्न. 'माझ्या संख्या संख्या का नाहीत?' हा खरा प्रश्न होता. मी मात्र अर्धं उत्तर स्वतःच ठरवून उरलेलं अर्धं त्याच्याकडे मागितलं. ही खोड आपल्या सगळ्यांना असते. पण चांगला मदतनीस इथे एक वाक्य जास्त बोलतो: "थांब, कॉलममध्ये काय आहे ते दाखव." एसटीआर हे फंक्शन लावलं असतं तर उंचीच्या नावापुढे फॅक्टर आणि ४१ गट असं एका ओळीत आलं असतं. दहा सेकंदांचं काम.

प्रश्न कसा विचारावा यावर एरिक रेमंड यांचा २००१ पासूनचा एक निबंध प्रोग्रामरांमध्ये फार प्रसिद्ध आहे. तुम्हालाही कधीतरी कोणी तो वाचायला सांगेल. वाचा. त्यातला बराचसा सल्ला पटण्यासारखा आहे: आधी स्वतः शोधा, नेमकं काय केलं आणि काय झालं ते लिहा, तुमचा तर्क बाजूला ठेवून लक्षणं सांगा. हा शेवटचा सल्ला मी पाळला असता तर शेळीचं रोप वाचलं असतं. पण निबंधाचा सूर असा की प्रश्न नीट नसेल तर दोष विचारणाऱ्याच्या आळसात किंवा वृत्तीत आहे. इथे माझं पटत नाही. नीट प्रश्न विचारता येणं हे शिकल्याचं फळ आहे. ते शिकण्याच्या दारावर प्रवेशशुल्क म्हणून मागता येत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला तर आधी एरर इंग्रजीत समजून घ्यायची असते, मग प्रश्न इंग्रजीत मांडायचा असतो, आणि मग त्यातली भाषा चुकली म्हणून वाटणारी लाज गिळायची असते. तीन अडथळे पार करून तो तुमच्या टेबलाशी आलाय. त्याला 'आधी वाचून ये' म्हणण्यापूर्वी एवढं लक्षात असू द्या.

भाषेच्या बाबतीत आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचं कौतुक करायलाच हवं. साधारण दहा मिनिटांचे धडे, मराठीसह अनेक भारतीय भाषांत आवाज. एका खिडकीत धडा, दुसऱ्या खिडकीत आपण तेच करून बघायचं. थांबवता येतं, मागे नेता येतं, आणि धडा वैतागत नाही. मर्यादा एकच, पण मोठी: धड्यातली फाईल स्वच्छ असते. तिच्यात कोणी 'नाही' टाइप केलेलं नसतं. तुमचं पहिलं खरं संकट धडा जिथे संपतो तिथून पुढे सुरू होतं.

आणि आता यंत्र

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि वरच्या बऱ्याच तक्रारी एका रात्रीत जुन्या झाल्या. रात्री दोनला विचारा, मराठीत विचारा, दहा वेळा तेच विचारा. कपाटाचं नाव माहीत नसलं तरी चालतं, अडचण सांगितली की ते नाव शोधून देतं. लाज नावाचा अडथळा जवळपास गेला. मी हे रोज वापरते आणि 'वापरू नका' असं सांगणाऱ्यांशी मी सहमत नाही.

पण त्याला दादाच्या जागी ठेवून बघा. 'आरमध्ये कॉलम संख्या कसा करायचा?' असं विचारलं की तेही आधी त्या प्रश्नाचंच उत्तर देणार. कधी फॅक्टरचा इशारा देईल, कधी नाही. तुमचा कॉलम तुम्ही दाखवल्याशिवाय त्याने पाहिलेला नसतो. कधी कधी ते अस्तित्वात नसलेलं फंक्शनही पूर्ण आत्मविश्वासाने लिहून देतं. अशा वेळी निदान एरर तरी येते. खरी भीती आहे ती चालणाऱ्या कोडची. एरर न देता चुकीचं उत्तर देणाऱ्या कोडपुढे माझा दादा, यंत्र आणि मी, तिघेही सारखेच.

इथे मला या सगळ्या मदतींमधला समान दोष दिसतो. मदतीचं पान, एरर, दादा, धडा, यंत्र, या सगळ्यांचं उद्दिष्ट कोड चालवणं हे आहे. लाल अक्षरं गेली की मदत संपली, असं सगळेच धरून चालतात. आपणही. संशोधनात मात्र लाल अक्षरं गेल्यावर खरा धोका सुरू होतो. माझ्या गोष्टीत वॉर्निंग ही एकमेव प्रामाणिक मदतनीस होती. ती सांगत होती की या संख्या नाहीत. तिला गप्प करण्यासाठी मी मदत मागितली, आणि मला ती मिळाली.

मग करायचं काय?

मला उपयोगी पडलेल्या चार सवयी सांगते.

पहिली, कॉलमला काही करण्याआधी त्याच्याकडे बघा. फाईल घेतल्याबरोबर एसटीआर आणि समरी, ही दोन फंक्शन. किती ओळी, कोणता प्रकार, किमान किती, कमाल किती. हे आकडे वहीतल्या आकड्यांशी ताडून बघा.

दुसरी, उत्तर हाताने काढता येईल इतका छोटा डेटा बनवा. पाच ओळी पुरतात. माझा '६, १०, २५, ६२, नाही' हा डेटा मी पोस्टरच्या आधी केला असता तर पाच मिनिटांत कळलं असतं. जेनी ब्रायन यांचं रेप्रेक्स नावाचं पॅकेज यासाठीच आहे: दुसऱ्याला जसाच्या तसा चालवून बघता येईल असा छोटा नमुना तयार करणं. गंमत म्हणजे असा नमुना करता करताच अर्धे प्रश्न सुटतात, दादापर्यंत जावंच लागत नाही.

तिसरी, विचारताना तीन वाक्यं लिहा: मी काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. मधलं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. 'कमाल उंची ६२ यायला हवी होती' हे वाक्य मी लिहिलं असतं तर मला दादाचीही गरज नव्हती. यंत्राला विचारतानाही हीच तीन वाक्यं द्या आणि मिळालेला कोड आधी पाच ओळींच्या डेटावर चालवा. अप्रकाशित मूळ डेटा तिथे टाकण्याआधी गाईडना विचारा.

चौथी त्यांच्यासाठी, जे आता दादा-ताई झाले आहेत. कीबोर्ड ओढू नका. हात मांडीवर ठेवा आणि विचारा, "तुला काय यायला हवं होतं?" उत्तर 'माहीत नाही' असेल तर कोड बाजूला ठेवा आणि आधी डेटाबद्दल बोला.

शेवटी पुन्हा मॅडम. त्या दिवशी मला ज्यांनी वाचवलं त्यांना फॅक्टर माहीत नव्हता, क्लोजर माहीत नव्हता, मीनचं पान त्यांनी कधी उघडलं नव्हतं. त्यांना ते रोप माहीत होतं. प्रोग्रामिंग येत नाही म्हणून तुम्ही आज स्वतःला कमी लेखत असाल, तर तुमच्याकडे काय आहे तेही मोजा. तुमची रोपं, तुमच्या टेस्ट ट्यूब, तुमचे नमुने तुम्ही हाताळलेत. उत्तर अशक्य आहे हे ओळखणारा लॅबमधला पहिला माणूस बहुधा तुम्हीच असाल, फक्त स्क्रीनवरच्या आकड्याला 'थांब' म्हणायचं धाडस हवं.

आता वर जाऊन मीन(२, ४, ९) दुरुस्त करा. तिन्ही संख्या आधी सी() मध्ये एकत्र करा, मग मीनला द्या. ५ आलं का?